रोग्याचे कर्तव्य आणि राज्याचे कर्तव्य

विनयपिटकातील 'महावग्गा'त एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवून त्याला स्वच्छ केले आणि रोग्याची शुश्रूषा हे संघाचे कर्तव्य ठरविले. हे आपण अनेकदा ऐकतो. त्याच्या पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. तेथे रोग्याकडूनही अपेक्षा आहेत: पथ्य पाळावे, औषध घ्यावे, आजार लपवू नये.

क्षयरोग घ्या. घटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० व नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये ठरले. साध्या क्षयाला सहा महिने औषध लागते. महिन्याभरात खोकला थांबतो आणि आपण गोळ्या सोडतो. मग जंतू औषधाला दाद देत नाहीत. घरात लग्नाची मुलगी असेल तर आजाराचे नावही काढत नाहीत. हा दोष आपला.

पण २०२४ मध्ये अनेक ठिकाणी गोळ्यांचाच तुटवडा पडला. मजुरी बुडवून गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला, तर त्याला नियमितपणाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा?

आम्ही मंडळाला सुचवितो की, रोग्याचे नाव चारचौघांत न घेता त्याच्या गोळ्यांची विचारपूस एका कार्यकर्त्याने करावी. गोळी मिळाली नाही ती तारीख वहीत लिहावी आणि त्याच आठवड्यात आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज देऊन पोच घ्यावी.