जलसंजीवनी : संशोधनापासून घरापर्यंत

'पाणी दिले की जुलाब वाढतात' या समजुतीने अतिसार झालेल्या बालकास तहानलेले ठेवणारे पालक आजही माझ्याकडे येतात. वास्तविक विज्ञानाने याचे उत्तर केव्हाच दिले आहे.

ग्लुकोजच्या साहाय्याने आतड्यात क्षार व पाणी शोषले जाते आणि अतिसारातही ही क्रिया बहुतांशी टिकून राहते, हे १९६० च्या दशकात सिद्ध झाले. १९७१ मध्ये बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली व सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे द्रावण नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजविले. तत्पूर्वी ३० टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. १९७८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिसार नियंत्रण कार्यक्रमाचा हाच पाया ठरला. २००४ मध्ये त्यास जस्ताच्या गोळ्यांची जोड देण्याची शिफारस झाली.

तथापि धोरण घरात पोचते ते शिक्षणानेच. बनगावात नातेवाइकांना शिकविले म्हणून रुग्ण वाचले. यास्तव पुडी लिहून देऊन थांबू नये. मातेस समजावून सांगावे : पुडीवरील मापानेच पाणी घ्यावे, द्रावण चमच्याचमच्याने पाजावे, उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे, स्तनपान व आहार चालू ठेवावा. मूल सुस्त झाले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त गेले, तर तत्काळ डॉक्टरांकडे आणावे.

सांगण्यास दोनच मिनिटे लागतात. ती न दिल्यास एवढे संशोधन त्या बालकापुरते व्यर्थ ठरते.