टेबलावरचं गाणं

मेसच्या टेबलावर बोटांनी गाणं वाजवून ओळखायला लावायचा खेळ आपण सगळेच खेळतो. समोरच्याला ओळखता आलं नाही की वाजवणारा वैतागतो, "अरे, इतकं सोप्पं!" १९९० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी हेच मोजून पाहिलं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३! वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खा ऑर्केस्ट्रा, ऐकणाऱ्याला नुसती टकटक.

खरं तर हे आपण बालवाडीच्या वयातच शिकलेलो असतो. १९८३ साली विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना मॅक्सीची गोष्ट सांगितली. मॅक्सी एका कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो. मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल सहसा नवं कपाट दाखवतं. मला माहीत, म्हणजे मॅक्सीलाही माहीत! चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं बरोबर सांगतात.

मी वीस वर्षांचा. सबमिशनच्या आठवड्यात रूममेट बोलेनासा झाला. फाइल कॉपी करायला दिली नाही म्हणून राग, असं मी ठरवूनच टाकलं आणि मीही तोंड फिरवलं. आठव्या दिवशी कळलं, त्याचे वडील दवाखान्यात होते. फाइल त्याच्या लक्षातही नव्हती. उलट तोच दुखावलेला, की सगळं ठाऊक असून मी साधी चौकशी केली नाही. रोज रात्री तो खोलीतूनच घरी फोन करायचा ना!

माझ्या कानांत तेव्हा हेडफोन असायचे.