कॉन्टेसा घेण्याआधी

पनवेल

चि. बंड्यास,


फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि मनात आधीच टोकन देऊन बसलेला असतोस. म्हणून हे लिहून पाठवतोय. लिहिलेलं निदान दोनदा तरी वाचशील.

खोपोलीकडच्या शेडमध्ये कुणाची तरी कॉन्टेसा उभी आहे, मालक सहा लाख सांगतोय, आणि तू एफडी मोडून ती घेणार. दहा-बारा वर्षं ठेवायची आणि मग चौपट भावाने विकायची, असा बेत. वर दाखला अमेरिकेचा! तिकडे जुन्या मसल कार कोटींत जातात, कॉन्टेसा ही आपली मसल कार, म्हणून हिचंही तसंच होणार. गाडीचं वेड असू दे. ते आपल्या घरात आहेच, तुझ्या आईला विचार. पण या हिशोबात बऱ्याच ठिकाणी पत्रा सडलेला आहे, तो दाखवतो.

आधी अमेरिकेचं बघू. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकवाल्यांनी मध्यम आकाराच्या साध्या गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं इंजिन टाकलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. ताकद ३२५ अश्वशक्ती. किंमत अशी, की नुकता नोकरीला लागलेला पोरगाही हप्त्यावर घेऊ शकेल. त्याच वर्षी मस्टँग आली. मग सात-आठ वर्षं धुमाकूळ झाला. पुढे विमा कंपन्यांनी असल्या गाड्यांचे हप्ते वाढवले, धुराचे नियम आले आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलंसुरलं संपवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं या गाड्या कवडीमोलाने मिळायच्या. भाव चढले ते फार उशिरा, आणि २००५-०६ च्या सुमारास कळसाला गेले. तेव्हाच का? सतराव्या वर्षी ज्यांनी त्या गाड्या रस्त्यावरून जाताना पाहिल्या होत्या आणि ज्यांना त्या परवडल्या नव्हत्या, ते तोवर पन्नाशी-साठीला आले होते. पोरं मार्गी लागलेली, घराचं कर्ज फिटलेलं, हातात पैसा. त्यांनी राहून गेलेली हौस पुरी केली. २००८ ला मंदी आली तसे भाव गडगडलेही.

तू ज्या ‘बुलिट’ मस्टँगचा व्हिडिओ पाठवलास, तिची हकिगत पुरी वाचली असतीस तर बरं झालं असतं. स्टीव्ह मॅक्वीनने सिनेमात चालवलेली ती गाडी एका कुटुंबाने १९७४ ला जाहिरात बघून सहा हजार डॉलरला घेतली. बाई शिक्षिका होत्या, शाळेत जायला तीच गाडी वापरायच्या. खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून ती परत मागितली, तरी त्यांनी दिली नाही. पुढे ती बिघडली, वर्षानुवर्षं उभी राहिली, मुलाने बाहेर काढली, आणि जानेवारी २०२० च्या लिलावात ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. एक तर ती सिनेमातली गाडी, म्हणजे जगात एकच. आणि ज्यांनी ती सांभाळली त्यांच्या डोक्यात विक्रीचा विचारच नव्हता. त्या गाडीवरून खोपोलीच्या गाडीचा भाव काढणं म्हणजे अवघडच आहे.

तेव्हा गाडीचा भाव ठरतो तिच्यावर सतराव्या वर्षी जीव टाकलेल्या माणसांवरून. ती माणसं कमावती झाली की भाव वर जातो, म्हातारी झाली की खाली येतो. १९२८ ते ३१ मधली फोर्डची मॉडेल ए घे. लाखोंनी बनली होती, एके काळी तिकडच्या हौशी मंडळींच्या गळ्यातला ताईत होती. तिच्यावर जीव असलेली पिढी गेली आणि आज तिला पूर्वीसारखं गिऱ्हाईक नाही. उलट २०२१ मध्ये ‘फास्ट अँड फ्युरियस’च्या पहिल्या सिनेमातली टोयोटा सुप्रा साडेपाच लाख डॉलरला गेली. घेणारे कोण असतील ते तूच सांग. तुझ्याहून थोडे मोठे, भिंतीवर त्या गाडीचं पोस्टर लावलेले.

आता कॉन्टेसा. एक्सप्रेस-वे २००२ मध्ये पुरा झाला. त्याआधी मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक आपल्या दारावरून जायची : पळस्पे फाटा, शेडुंग, चौक, खोपोली, मग बोरघाट. नाक्यावर उभं राहिलं की गाड्यांचं प्रदर्शनच. फियाटी आणि अ‍ॅम्बॅसिडरांच्या रांगेतून मध्येच एखादी लांबलचक, रुंद बॉनेटची, चार हेडलाइटची कॉन्टेसा सुळकन निघून जायची आणि आम्ही पोरं आत कोण बसलंय ते बघायला मान लांब करायचो. शेठ, बिल्डर, पुढारी, नाहीतर सिनेमावाला. ती पोरं आज पन्नाशी ओलांडलेली आहेत. तुझ्या गाडीचे गिऱ्हाईक तेच. तू दहा-बारा वर्षांनी विकायला काढशील तेव्हा ते पासष्ट-सत्तरचे असतील, गुडघे धरलेले. एवढी लांबरुंद गाडी वळवायची आणि जड क्लच दाबायचा त्या वयात? मी आत्ताच दोनदा विचार करतो.

आणि मसल म्हणशील तर ऐक. कॉन्टेसाचा सांगाडा मूळचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, सत्तरच्या दशकातला. हिंदुस्थान मोटर्सने तो इकडे आणून १९८४ मध्ये गाडी काढली आणि आत बसवलं अ‍ॅम्बॅसिडरचंच दीड लिटरचं इंजिन, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं. पैलवानाचा सदरा आणि आत पोस्टमास्तर! बोरघाटात भर उन्हात बॉनेट उघडून थांबलेल्या कॉन्टेसा मी ढिगाने पाहिल्यात. गाडीत जीव आला तो पुढे, इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा. ती ‘कॉन्टेसा क्लासिक’ खरंच पळायची. तेव्हा शेडमधली गाडी कुठली आहे ते आधी बघ. दीड लिटरवाली असेल तर मजा नाही. इसुझूवाली असेल तर मजा आहे. पण काच आणि बॉडीचं सामान दोन्हींचं दुर्मिळ. अमेरिकेत साठच्या दशकातल्या मस्टँगची अख्खी बॉडी आज नवी करून मिळते. इथे तुझी पुढची काच फुटली तर भंगारातली दुसरी कॉन्टेसा शोधायची.

तू म्हणशील, मामा, मग आरएक्स-१०० मोटरसायकलचं काय? बंद झाली १९९६ ला आणि आज तिच्यावर मरणारी पोरं तिच्यानंतर जन्मलेली. बरोबर आहे, आणि यावर मी बराच विचार केलाय. नीट ठेवलेली आरएक्स लाखाच्या पुढे जाते हेही खरं. पण ती पुढच्या पिढीत गेली कशी? मोठ्या भावाने धाकट्याला दिली, धाकट्याने मित्राला विकली, गल्लीतल्या मेकॅनिकला ती डोळे मिटून खोलता येते, आणि कॉलेजच्या पोराला पॉकेटमनीत चालवता येत होती. ती पोरांच्या हातात पडत राहिली. कॉन्टेसा कधीच पोरांच्या हातात पडली नाही. तिचं दार ड्रायव्हर उघडायचा. ज्या गाडीला नव्या पोराचा हात लागत नाही, तिची ओढ पुढे सरकत नाही, असं माझं मत आहे.

आणि ओढ असली म्हणून भाव असतोच असंही नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, वीस वर्षांची मुदत भरली म्हणून. लोकांनी काय फोटो काढले, काय लेख लिहिले! कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, अख्ख्या मुंबईने अंगाखांद्यावर वागवलेली गाडी. तरी आपल्याकडे बंद टॅक्सींचा पत्रा शेवटी किलोवरच जातो.

एवढं सांगूनही तू बघायला जाणार हे मला माहीत आहे. तर कसं बघायचं ते ऐक. मालक बॉनेट उघडून इंजिन चालू करून दाखवेल, तिकडे लक्ष देऊ नको. इंजिन केव्हाही बोअर करून घेता येतं. मुख्य भानगड पत्र्याची. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, खालचा पत्रा हाच तिचा सांगाडा. आपल्या भागात पाऊस धो-धो, पनवेलला त्यात खाडीची हवा. खालचा सगळा भाग पोखरलेला असला तरी वरून रंग आरशासारखा दिसू शकतो. खिशात लोहचुंबक घेऊन जा, फडक्यात गुंडाळून, आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ असा फिरव. जिथे चिकटणार नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग आतली मॅटिंग उचल आणि फ्लोअर बोर्डावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोक. टण वाजलं तर ठीक, भद्द आवाज आला तर चहा पिऊन परत ये.

कागद त्याहून महत्त्वाचे. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चॅसी नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाच, नुसतं मालकाच्या शब्दावर जाऊ नकोस. जुनी गाडी पेणच्या एमएच-०६ ची असेल. तुझ्या नावावर करताना पत्ता आणि आरटीओ दोन्ही बदलतील, तो वेळ धर. नोंदणीची मुदत कधी संपली ते बघ. पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा. दिल्लीहून स्वस्तात गाडी आणून देतो म्हणणारे भेटतील. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधन असल्याने त्या स्वस्त मिळतात. ना-हरकत प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नको.

तू विचारलं होतंस, टोयोटाचं डिझेल इंजिन बसवलं तर? अजिबात नको. मोटार वाहन कायद्यात असले बदल बसत नाहीत, आणि दुसरंही कारण आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पुरी झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, नंबर प्लेटवर व्हीए ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. १९८४ ची कॉन्टेसा त्या रांगेत २०३४ ला लागेल, नव्वदच्या दशकातली त्याच्याही पुढे. मूळ इंजिन गेलं की ती वाटच बंद. आणि व्हिंटेज झाली तरी ती रोज ऑफिसला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. म्हणजे ठेवायला जागा हवी, छपरासकट. खारघरच्या तुझ्या सोसायटीत एकच पार्किंग आहे ना?

पेट्रोलचंही एक नवं दुखणं आहे. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि गॅस्केटं त्यासाठी बनलेली नाहीत, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत गंज आणि कार्बोरेटरमध्ये घाण. गाडी घेतलीस तर सगळे पाइप पहिल्या दिवशी बदलायचे आणि आठवड्याला एकदा तरी ती बाहेर काढायची.

गाडी म्हणजे गुंठा नव्हे, बंड्या. आपल्या पनवेलात विमानतळ येणार म्हणून लोकांनी जमिनी धरून ठेवल्या. जमीन नुसती पडून राहिली तरी तिला काही होत नाही. गाडी पडून राहिली की मरते, आणि चालवली की खर्च मागते.

म्हणून एफडीला हात लावू नकोस. पगारातून जेवढं उडालं तरी झोप लागेल तेवढ्याच पैशात बसत असेल तर घे, आणि विकायचं नाही असं ठरवून घे. भावाचाच विचार असेल तर माझ्या तारुण्यातली गाडी का घेतोस? तू शाळेत असताना दप्तर घेऊन कुठल्या गाडीमागे बघत होतास ते आठव. होंडा सिटीची व्हीटेक, १.५ लिटरची, सरळ रस्त्यावर भल्याभल्यांना मागे टाकणारी. स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस. आज त्या जुन्या गाड्या म्हणून पडून आहेत. त्यांच्यावर जीव टाकलेली तुझी पिढी अजून हप्ते फेडतेय. ती मोकळी होईल तेव्हा बघ. त्यातली एखादी, एका मालकाची, सगळ्या बिलांसकट मिळाली तर मला जास्त आवडेल. खात्री मी त्याचीही देत नाही.

तरी कॉन्टेसाच हवी असेल तर रविवारी सकाळी सातच्या आत पनवेलला ये, आपण दोघे जुन्या रस्त्याने खोपोलीला जाऊ. तोवर टोकन देऊ नकोस. मालकाला फक्त एवढंच सांग की इंजिन आदल्या रात्रीपासून बंद ठेवा, गरम करून ठेवू नका. थंड इंजिन कसं उचलतं आणि धूर कुठल्या रंगाचा निघतो ते मला बघायचंय. माझे जुने कपडे आणि जॅक मी घेतो. तू टॉर्च आण, मोबाइलचा नव्हे, खरा.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा