स्कंकचे दुर्गंधास्त्र

शेगडीची चावी चुकून उघडी राहिली की घरात कोणीतरी ओरडते, "गॅसचा वास येतोय!" खरे म्हणजे तो वास गॅसचा नसतोच. सिलिंडरमधील प्रोपेन आणि ब्यूटेन या वायूंना जवळजवळ वास नाही. गळती नाकाला कळावी म्हणून त्यांत एथिल मर्कॅप्टन नावाचे गंधकयुक्त द्रव्य अत्यल्प प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असते. याच कुळातील द्रव्ये उत्तर अमेरिकेतील एक छोटा प्राणी आपल्या शेपटीखाली बाळगून हिंडतो. त्याचे नाव स्कंक.

पट्टेवाला स्कंक कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत आढळतो. आपल्याकडे तो नाही. आकाराने मांजराएवढा, वजन साधारण दोन ते चार किलोग्रॅम, अंग काळेभोर, शेपूट झुपकेदार. डोक्यावरून निघालेला पांढरा पट्टा मानेपाशी दुभंगतो आणि पाठीच्या दोन्ही बाजूंनी शेपटीकडे जातो. त्याचे शास्त्रीय नाव 'मेफायटिस मेफायटिस'. या लॅटिन शब्दाचा अर्थ दुर्गंधी वाफ. एकदा सांगून शास्त्रज्ञांचे समाधान झालेले दिसत नाही! जुन्या पुस्तकांत स्कंकला पाणमांजर, बॅजर यांच्या कुळात घातलेले आढळेल. १९९७ मध्ये डीएनएच्या तुलनेवरून त्याचे कुळ वेगळे मानावे असे सुचवले गेले आणि आता ते बहुतेकांना मान्य आहे. इंडोनेशिया व फिलिपीन्समधील 'स्टिंक बॅजर' हे त्याचे आशियातले नातलग.

स्कंक निशाचर आहे. संध्याकाळी बिळातून निघावे, नाकाने माती हुंगत फिरावे, पुढच्या पायांच्या लांब नखांनी लहान लहान खड्डे उकरून भुंगेऱ्यांच्या अळ्या खाव्यात, हा त्याचा नित्यक्रम. उंदीर, बेडूक, अंडी, पडलेली फळे, काहीही चालते. केसाळ सुरवंट मिळाला तर तो त्याला जमिनीवर पायाने घोळवतो आणि केस झडल्यावर गिळतो. मधमाश्यांच्या पेटीवर ओरखडे काढून, चौकशीला बाहेर आलेल्या माश्या तो एकेक करून खातो. थंडीत पूर्ण शीतनिद्रा न घेता तो आठवडेच्या आठवडे बिळात सुस्त पडून राहतो. एका बिळात बऱ्याच माद्या दाटीने झोपतात, त्यामुळे उष्णता कमी वाया जाते. मे-जूनच्या सुमारास मादीला चार ते सहा पिले होतात. जन्मतः ती आंधळी असतात, पण कातडीवर पट्टे दिसतात. डोळे उघडायला तीन आठवडे लागतात, मात्र दुर्गंधी द्रव त्याच्या बऱ्याच आधी, आठवडाभरातच, तयार होऊ लागतो.

आता त्या शस्त्राकडे वळू. गुदद्वाराच्या दोन बाजूंना दोन ग्रंथी असतात. प्रत्येकीला एक बारीक चंचू असून भोवती बळकट स्नायू आहेत. स्नायू आवळले की पिचकारी उडते. चंचूची दिशा प्राण्याला हवी तशी वळवता येते. शत्रू जवळ आणि समोर असेल, तर सरळ धार त्याच्या डोळ्यांवर जाते. तीन मीटरपर्यंत नेम सहसा चुकत नाही, आणि डोळ्यांत गेल्यास काही वेळ काही दिसत नाही. पण शत्रू पाठलाग करत असेल, तर स्कंक धारेऐवजी बारीक तुषारांचा ढग मागे सोडतो, म्हणजे पाठलाग करणारा आपणहून त्यात शिरतो. यातले पदार्थविज्ञान लक्षात घ्या. एका थेंबाचे सारख्या आकाराचे हजार थेंब केले, तर प्रत्येकाचा व्यास मूळच्या एक दशांश होतो आणि एकूण पृष्ठफळ दहापट होते. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते, म्हणून तुषारांची वाफ झपाट्याने होते.

या द्रवात प्रामुख्याने थायॉल म्हणजेच मर्कॅप्टन जातीची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूत गंधकाचा अणू हायड्रोजनला जोडलेला असतो. (शुद्ध गंधकाला फारसा वास नाही. त्याच्या संयुगांनीच त्याचे नाव सार्थ केले आहे.) माणसाचे नाक या द्रव्यांच्या बाबतीत कमालीचे संवेदनशील आहे. हवेच्या एक अब्ज भागांत त्यांचे सुमारे दहा भाग असले तरी आपल्याला वास येतो. म्हणजे किती? हिशेब करू. तुमचा वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद व ४ मीटर उंच आहे असे समजा. त्यातली हवा १९२ घनमीटर, म्हणजे १९ कोटी २० लाख घन सें.मी. भरते. तिचा दहा कोटीवा भाग म्हणजे जेमतेम २ घन सें.मी. वाफ. या द्रव्याच्या १ घन सें.मी. द्रवापासून सुमारे २४० घन सें.मी. वाफ होते. एक थेंब म्हणजे १/२० घन सें.मी. धरला, तर त्याची वाफ १२ घन सें.मी. एका थेंबात असे सहा वर्ग वासाने भरतील! तुमच्या वर्गाची मापे घेऊन हा हिशेब स्वतः करून पाहा.

फवारा अंगावर घेतलेला कुत्रा धुतला, तरी काही दिवसांनी पावसात भिजल्यावर पुन्हा घाण येऊ लागतो. याचे कारण असे की द्रवात थायॉलबरोबर थायोॲसिटेट नावाची संयुगेही असतात. त्यांना स्वतःचा वास कमी, पण पाण्याशी विक्रिया होऊन त्यांचे हळूहळू थायॉल बनते. अमेरिकेत अशा कुत्र्याला टोमॅटोच्या रसाने अंघोळ घालण्याची प्रथा आहे. माझ्या मते त्यात टोमॅटो फुकट जातात. माणसाचे नाक त्या वासाला सरावून थकते आणि टोमॅटोचा वास तेवढा जाणवतो. थायॉल जिथल्या तिथे राहते. पॉल क्रेबॉम या रसायनशास्त्रज्ञाचा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला उपाय खरा आहे. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि थोडा द्रवरूप साबण. पेरॉक्साइडमुळे थायॉलचे ऑक्सिडीकरण होऊन वास नसलेले संयुग बनते. मात्र हे मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

इतके प्रभावी शस्त्र असूनही स्कंक ते सहजासहजी वापरत नाही. सारा साठा सुमारे १५ घन सें.मी.; पाच-सहा फवाऱ्यांत तो संपतो आणि पुन्हा भरायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस हा मंद चालीचा, जवळचेच दिसणारा प्राणी निःशस्त्र असतो. म्हणून आधी तो इशारे देतो. पुढचे पाय जमिनीवर आपटतो, फिस्कारतो, शेपूट उभारतो. तरीही शत्रू हटला नाही, तर अंग इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवून तोंड आणि पार्श्वभाग दोन्ही त्याच्याकडे करतो. पट्टे हादेखील इशाराच आहे. अंधारातही उठून दिसणारा तो काळा-पांढरा रंग एकदा फवारा खाल्लेला कोल्हा विसरत नाही.

इशारा समजणारा शत्रू असेल तरच या सगळ्याचा उपयोग. मोठे शिंगळे घुबड वरून झडप घालते. त्याचे घ्राणेंद्रिय दुबळे असल्याने ते स्कंकला खुशाल खाते. रेबीजच्या विषाणूवरही दुर्गंधीचा काही परिणाम नाही. अमेरिकेत हा रोग वाहणाऱ्या प्रमुख वन्य प्राण्यांत स्कंकची गणना होते, आणि दिवसाढवळ्या माणसाजवळ निर्भयपणे येणाऱ्या स्कंकपासून दूर राहा, असे तिथल्या मुलांना शिकवतात. मोटारीपुढे तर त्याचे काहीच चालत नाही. स्कंक थांबतो, तोंड वळवतो, पाय आपटतो, शेपूट उभारतो. तेवढ्यात ताशी ऐंशी किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला बावीस मीटर पुढे आलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर माद्यांच्या शोधात रात्रभर हिंडू लागले की तिथल्या रस्त्यांच्या कडेला मेलेले स्कंक अधिक दिसू लागतात.