मुरगळलेला अंगठा : ओळख आणि पुनर्वसन

द्रोणाचार्यांनी गुरुदक्षिणा म्हणून एकलव्याच्या उजव्या हाताचा केवळ अंगठा मागितला आणि तेवढ्यानेच त्याच्या बाणांचा पूर्वीचा वेग ओसरला. कायद्यानेही अंगठ्याचे हे मोल ओळखले होते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात संपूर्ण तर्जनी गमावल्यास कमाईच्या क्षमतेत १४ टक्के, तर अंगठा गमावल्यास ३० टक्के घट धरलेली होती. असे असूनही अंगठा मुरगळला की दुर्लक्ष करण्याची किंवा तो ओढून, चोळून घेण्याची रीत आपल्याकडे सर्रास आढळते.

दुखापतीचे स्वरूप

कबड्डीत पकड करताना, झेल घेताना अथवा सायकलवरून हातावर पडताना अंगठा झटक्याने बाहेरच्या बाजूस ताणला जातो. अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीच्या बाजूस, दोन हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध असतो. बहुधा तोच ताणला किंवा फाटला जातो. तो पूर्ण तुटल्यास त्याचे टोक शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर अडकून बसू शकते व मग तो आपोआप जुळून येत नाही, हे स्वीडनचे शल्यविशारद बर्टिल स्टेनर यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले.

ओळख

सौम्य दुखापतीत अंगठ्याच्या मुळाशी वेदना व थोडी सूज असते. पकड मात्र टिकून राहते. अस्थिबंध अंशतः फाटल्यास सूज वाढते, त्वचा काळीनिळी पडते आणि बटण लावणे, कुलपात किल्ली फिरवणे अशी चिमटीची कामे जड जातात. तो पूर्ण तुटल्यास सांधा डळमळीत होतो व चिमटीत जोर राहत नाही. सांधा सैल आहे किंवा कसे, हे घरी ओढून पाहू नये. अंगठा वाकडा दिसणे, बधिरता, मुळाशी गाठ जाणवणे अथवा अंगठ्यामागील मनगटाच्या खळग्यात दुखणे ही लक्षणे असल्यास त्वरित क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. मनगटातील लहान हाडाची चीर पहिल्या छायाचित्रात कधी कधी दिसत नाही. म्हणून दुखणे कायम असल्यास १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासणी करावी.

प्रथमोपचार

बोटांतील अंगठ्या लगेच काढाव्यात. कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५ ते २० मिनिटे, दिवसातून अनेकदा ठेवावा. अंगठा पुठ्ठ्याच्या पट्टीने स्थिर करून हात उंच ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस शेक, मालीश व चोळणे कटाक्षाने टाळावे.

पुनर्वसन

सौम्य दुखापतीत दोन-तीन आठवडे व अंशतः फाटलेल्या अस्थिबंधास साधारणतः चार ते सहा आठवडे आधारपट्टी लागते. पूर्ण तुटलेल्या अस्थिबंधास बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती पहिल्या तीन आठवड्यांत झाल्यास फलप्राप्ती अधिक चांगली होते. विश्रांती जितकी आवश्यक, तितकाच त्यानंतरचा व्यायामही आवश्यक आहे. अन्यथा सांधा आखडतो. वैद्यकीय सल्ल्याने पट्टी निघाल्यावर अंगठ्याचे टोक क्रमाने प्रत्येक बोटास लावावे आणि अंगठा हलकेच वाकवून सरळ करावा. वेदना कमी झाल्यावर ओल्या फडक्याचा बोळा किंवा मऊ चेंडू दाबावा. कुदळ मारणे, धार काढणे, जड घागर उचलणे आणि खेळ ही कामे पकड पूर्ववत झाल्यावरच सुरू करावीत. गंभीर दुखापतीत यास सुमारे तीन महिने लागू शकतात.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत रुंद पट्टी व पुठ्ठा ठेवणे, क्रीडास्पर्धेच्या वेळी बर्फाची सोय करणे आणि जखमी विद्यार्थ्यास वा मजुरास वेळेवर रुग्णालयात पोचवणे एवढे तरी शिक्षकांना व पंचायत सदस्यांना सहज करता येण्याजोगे आहे. हातावर पोट असणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही तत्परता म्हणजे त्याच्या उपजीविकेचेच रक्षण होय.