मनावरच्या जुन्या घावाचा उपचार: किती खर्च, कुठे सोय?

बढती मिळते, मुलांचा अभ्यास चुकत नाही, घरातल्यांची औषधं वेळेवर येतात. तरी रात्री तीनला जाग येते आणि साहेबांचा फोन वाजला की छातीत धडधडतं. जुना अपघात, घरातली मारहाण किंवा ऑफिसातला छळ पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो. कामात कुठेच कमी न पडणाऱ्या बाईचं दुखणं कुणाला दिसत नाही; तीही ‘थोडा ताण आहे’ म्हणून पुढे ढकलते. महिन्याहून अधिक काळ असं चाललं असेल, तर उपचार घ्या. त्यांना मुदत असते आणि खर्चाचा अंदाजही बांधता येतो.

मोफत सोयी

१४४१६ ही केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत ओपीडी आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मुंबईत केईएम, नायर, सायन इथेही मानसोपचार विभाग आहेत. रांग असते, त्यामुळे अर्ध्या दिवसाची रजा धरून जा.

खासगीत किती?

पुण्या-मुंबईत समुपदेशनाच्या तासाभराच्या सत्राला साधारण १,००० ते २,५०० रुपये पडतात. औषधं लिहून देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेटही साधारण तेवढ्यातच होते. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणुकीवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी थेरपी) या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. अशा सीबीटीला बहुधा ८ ते १२ सत्रं लागतात. घाव लहानपणापासूनचा असेल तर जास्त.

हिशेब असा मांडा: १,५०० रुपयांची १२ सत्रं म्हणजे १८,००० रुपये. मानसोपचारतज्ज्ञांच्या दोन भेटींचे ३,००० धरले तर एकूण २१,०००. तीन महिन्यांत विभागले तर महिना ७,०००. औषधं लागली तर त्यांचा खर्च वेगळा.

भार कसा हलका होईल?

- मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपनीने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच निकषांवर संरक्षण द्यायचं आहे. मात्र सत्रांचे पैसे बहुधा ओपीडी कव्हर असेल तरच मिळतात. पॉलिसीतलं ते कलम वाचा.
- अनेक कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना काही सत्रं मोफत देतात. एचआरला विचारा आणि माहिती गुप्त राहील हे लेखी घ्या.
- ऑफिसात लैंगिक छळ झाला असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार चौकशी चालू असताना लेखी विनंतीवरून, ऑफिसातल्या तक्रार समितीच्या शिफारशीने, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मिळू शकते. भरपाई ठरवताना मानसिक त्रास आणि मानसोपचाराचा खर्चही धरला जातो. प्रत्येक पावती जपा.

फी भरण्याआधी विचारा

- क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक काय?
- आघातावरच्या उपचारांचं प्रशिक्षण कुठे घेतलं?
- मीटिंग आली आणि सत्र रद्द केलं, तर किती पैसे कापले जातात?
- संध्याकाळची किंवा शनिवारची वेळ मिळेल का?
- फी कमी होऊ शकते का?

जीव द्यावासा वाटत असेल तर हिशेब बाजूला ठेवा. आत्ताच १४४१६ लावा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. बाकीच्यांनी दोन-तीन सत्रांत सूर जुळला नाही तर तज्ज्ञ बदलावा, उपचार सोडू नयेत. घरातल्या सगळ्यांच्या दुखण्यासाठी तुम्ही पैसे बाजूला काढता. या महिन्याच्या खर्चाच्या यादीत तुमचंही नाव लिहा.