सूर्याचं वादळ, कुलाब्याची नोंद

प्रश्न : मे 2024 मध्ये सौरवादळामुळे लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं, त्याचे फोटो पाहिले. असं वादळ आमच्या येलदरीच्या वीजगृहापर्यंत पोचतं का? आणि सूर्याच्या प्लाझ्मावर आयुष्यभर संशोधन करणारा माणूस रोज नेमकं काय करतो?
— बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, येलदरी (ता. जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं फार सुंदर उत्तर आपल्या मुंबईत सापडतं.

वायू इतका तापला की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, तेव्हा त्याचा प्लाझ्मा होतो. सूर्य प्लाझ्माचाच आहे आणि त्यातून वाहणारा सौरवारा सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने पृथ्वीवर आदळत असतो. गुरबक्ष लखिना यांनी या विषयात हयात घालवली. मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे ते संचालक होते. त्यांचं मुख्य काम सैद्धांतिक. पृथ्वीभोवतीच्या प्लाझ्मामधून जाताना उपग्रहांना विद्युतक्षेत्राचा क्षणभराचा झटका जाणवतो: आधी एका दिशेने, लगेच उलट दिशेने, की संपलं. एकच उंचवटा घेऊन, आकार न बदलता धावणाऱ्या लाटेची ही खूण. अशी लाट कुठल्या कणांमुळे उठते, किती वेगाने जाते, हे समीकरणांतून काढायचं आणि उपग्रहाच्या नोंदीशी ताडून पाहायचं. वर्षानुवर्षं हेच.

पण त्यांचं मला सर्वांत भावलेलं काम जुन्या आकड्यांवरचं आहे. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर लख्ख ज्वाला दिसली. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झालं. इंग्लंडच्या वेधशाळांत नोंद फोटोच्या कागदावर आपोआप होई. तिथे प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेरच गेला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मात्र निरीक्षक डोळ्यांनी मोजपट्टी वाचत होते. एरवी तासातासाने वाचन होई, पण गडबड दिसली की दर पंधरा मिनिटांनी, फारच झाली तर पाच मिनिटांनी. त्या शिस्तीमुळे अख्खी उलथापालथ कागदावर उतरली. ही शिस्त तिथे पूर्वीपासूनची. आपले गणितज्ञ केरूनाना छत्रे तरुणपणी, 1840च्या दशकात, याच वेधशाळेत कामाला होते.

2003 साली संशोधक ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, लखिना आणि कुलाब्याच्या नोंदी हाताळणाऱ्या एस. अॅलेक्स यांनी या आकड्यांवर शोधनिबंध लिहिला. मुंबईत क्षितिजसमांतर चुंबकीय क्षेत्र सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घसरलं होतं. 2024च्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे 400च्या आसपास होता, यावरून अंदाज यावा. कुलाबा विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्यामुळे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वलयप्रवाहाचा जोर तिथे नीट मोजता येतो. काहींनी पुढे हरकत घेतली: ती सगळी घसरण वलयप्रवाहाची नसावी, तासाची सरासरी घेतली तर आकडा बराच खाली येतो. हरकत रास्त आहे आणि वाद अजून मिटलेला नाही. पण तो घालता येतो, कारण आकडे आहेत.

आता येलदरी. 13 मार्च 1989 रोजी अशाच वादळाने कॅनडातल्या क्विबेकची वीज सुमारे नऊ तास गेली. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदललं की लांब वाहिन्यांमध्ये प्रवाह निर्माण होतो आणि तो रोहित्रांना सोसत नाही. हा धोका ध्रुवांकडच्या प्रदेशांना जास्त. येलदरी वीस अंश अक्षांशाच्या आतबाहेर आहे, तेव्हा पूर्णेवरच्या तुमच्या साडेबावीस मेगावॉटच्या वीजगृहाला घाबरण्याचं कारण नाही. मोबाइलमधलं जीपीएस मात्र अशा वेळी चुकू शकतं, आपल्याकडेही.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याचं चुंबकीय मोजमाप बिघडेल म्हणून ते काम 1904 मध्ये अलिबागला नेलं. तिथे ते आजही चालतं. लखिनांच्या भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आता पनवेलला आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत भारताच्या आदित्य-एल1 या सौरयानावरची सूर्याची अतिनील दुर्बीण तयार झाली. एम.एस्सी. भौतिकशास्त्र करून या दोन्ही ठिकाणी पीएच.डी.ला जाता येतं. त्यासाठी विद्युतचुंबकत्व आणि अवकल समीकरणं आत्तापासून पक्की करा, आणि संगणकावर आकडेमोड करायची सवय लावून घ्या.